चेहरा उतरलाय म्हणजे नेमकं काय उतरलंय?

पत्र थोडक्यात असं: पत्रलेखिका ५१ वर्षांच्या आहेत, एका संस्थेत वरिष्ठ पदावर. गेल्या वर्षभरात त्यांनी ठरवून १४ किलो वजन उतरवलं. रक्तदाब, गुडघे, झोप, सगळं सुधारलं. पण गाल बसले आणि हनुवटीच्या दोन्ही बाजूंना जबड्याच्या कडेवर कातडी ओघळली. "बरी आहेस ना? चेहरा उतरलाय तुझा," हे दर आठवड्याला कुणी ना कुणी म्हणतंच. एका क्लिनिकमध्ये चौकशी केली तर दहा मिनिटांत 'थ्रेड लिफ्ट' (कातडीखाली धागे घालून गाल वर ओढणं) सुचवलं गेलं. शस्त्रक्रिया नाही, तासाभराचं काम, दुसऱ्या दिवशी ऑफिस, पुढची दोन वर्षं बघायला नको. महिनाअखेरच्या आत आगाऊ रक्कम भरली तर सवलतही. तीन आठवड्यांनी त्यांना एका मोठ्या कार्यक्रमात व्यासपीठावरून बोलायचं आहे, तेव्हा त्याआधी हे उरकून घ्यावं का, असा त्यांचा प्रश्न आहे. धाकटी बहीण म्हणते, "वय झालं, मान्य कर की." नवरा म्हणतो, "मला तर काही फरक दिसत नाही." आणि त्यांना स्वतःला वाटतं की चार पुस्तकं वाचलेल्या बाईनं या गोष्टीत इतका जीव घालणं जरा हलकंच आहे. ता.क.मध्ये एक ओळ आहे: हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेली रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज सुरू आहे, "पण तिचा इथे काही संबंध नसावा."

---

तुमच्या पत्राला मी शेवटाकडून उत्तर द्यायला घेते, कारण सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही ता.क.मध्ये ढकलली आहे. त्या गोळीचा इथे संबंध आहे, आणि चांगलाच आहे. थ्रेड लिफ्टमध्ये कानशिलापासून जबड्यापर्यंत कातडीखालून सुई सरकवतात. वाटेत बारीक रक्तवाहिन्या असतातच. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर काळेनिळे डाग जास्त पडतात, सूज रेंगाळते, कधी आत रक्त साकळून गाठ होते. त्या दहा मिनिटांत तुम्हाला कुणी विचारलंच नाही की कोणती औषधं चालू आहेत. मला त्या क्लिनिकबद्दल बाकी काही माहीत नसतं तरी एवढ्यावरूनच मी आगाऊ रक्कम भरायला नको म्हटलं असतं.

दुसऱ्या बाजूनं हेही तितकंच ठामपणे सांगते, की चेहऱ्यासाठी म्हणून ती गोळी मनानं बंद करायची नाही. दोन दिवससुद्धा नाही. ती का दिली आहे हे हृदयाच्या डॉक्टरांना ठाऊक आहे. थांबवता येते का आणि किती दिवस, हे तेच सांगतील. ते 'नाही' म्हणाले, तर तो विषय तिथेच संपला असं समजा.

आता मूळ प्रश्नाकडे. मी डॉक्टर नाही. तुमचा चेहरा मी पाहिलेला नाही, आणि पाहिला असता तरी 'करा' किंवा 'करू नका' असा निकाल दिला नसता. पण तुमच्या पत्रात काही गोष्टी तुम्ही धरूनच चालला आहात, त्या जरा सैल करून पाहू.

पहिली म्हणजे 'चेहरा उतरलाय' हे वाक्य. आपल्या भाषेत चेहरा उतरतो तो काळजीनं, आजारानं, जागरणानं. लोक तुम्हाला म्हणताहेत की तुम्ही आजारी दिसता, आणि तुम्ही ऐकताय की गाल दोन बोटं खाली आले. वर्षभरात १४ किलो वजन उतरलेलं माणूस पाहिलं की बघणाऱ्याच्या मनात आधी भीती येते, 'हिला काही झालंय का?' वजन ठरवून उतरवलंय हे त्यांना माहीत नसतं. हे प्रश्न सहसा नवा चेहरा डोळ्यांत बसेपर्यंतच येतात. तेव्हा स्वतःला एकदा विचारून बघा, की तुम्हाला तरुण दिसायचंय, की आजारी दिसायचं नाहीये? वरवर एकच वाटतं, पण दोन्हींची औषधं वेगळी आहेत, आणि दुसऱ्यासाठी धागा हे बहुधा औषधच नव्हे.

नवऱ्याचं 'मला काही दिसत नाही' तुम्ही टाळाटाळ म्हणून घेतलंय. त्याची बाजू घ्यायची म्हणून नाही म्हणत, पण तो खरं बोलत असू शकतो. तो तुमचा चेहरा बोलताना, हसताना, वैतागताना पाहतो. तुम्ही पाहता तो आरशातला, थांबलेला, आणि हल्ली बहुतेक वेळा मोबाईलमधला. हात लांब करून घेतलेल्या फोटोत कॅमेरा चेहऱ्यापासून जेमतेम फूटभर असतो. एवढ्या जवळून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, असं २०१८ मध्ये संशोधकांनी गणित मांडून दाखवलं आहे. त्यात लॅपटॉप टेबलावर, मान खाली, आणि व्हिडिओ मीटिंगच्या चौकोनात तासभर स्वतःचंच तोंड समोर. माणसाच्या इतिहासात कुणी स्वतःला बोलताना इतका वेळ पाहिलेलं नाही.

तुम्ही लिहिलंय की रोज रात्री आरशापुढे उभ्या राहून दोन्ही हातांची दोन-दोन बोटं कानशिलावर ठेवता आणि गाल हळूच वर-मागे ओढून बघता. 'एवढंच, एवढंच हवंय मला.' हे वाक्य मी तीनदा वाचलं. हे आपण सगळ्यांनी केलंय, मीही. पण त्या दोन बोटांनी आपली फसगत होते. बोटं सगळी कातडी एकदम, रुंद पट्ट्यात ओढतात, आणि ओढलेली कातडी कानामागे कुठे जमा झाली ते आपण बघतच नाही. धागा एका रेषेत ओढतो, बोटांपेक्षा कितीतरी कमी ओढतो, आणि जमा झालेल्या कातडीचं काहीही करत नाही.

त्यापेक्षा एक वेगळा प्रयोग करा. हातात छोटा आरसा घ्या आणि पलंगावर उताणं पडून त्यात बघा. मग उठून बसा, आरसा मांडीवर ठेवा आणि वाकून बघा. उताणं पडल्यावर चेहरा कानांकडे सरकतो. वाकल्यावर सगळं पुढे येऊन लोंबतं. (दुसरं दृश्य फार वेळ बघू नका, विशीतल्या माणसालाही ते बरं दिसत नाही.) आडव्या स्थितीतला चेहरा पाहून 'हं, ही मी' असं वाटलं, तर तुमचा त्रास मुख्यतः खाली सरकण्याचा आहे. आडवं होऊनही गाल रिकामेच आणि डोळ्यांखाली खळगा तसाच राहिला, तर तुमचं सरकलेलं कमी आणि आटलेलं जास्त. हे काही निदान नव्हे. पण डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा काय विचारायचं ते यातून कळतं.

कारण चेहरा एकाच गोष्टीनं उतरत नाही. अगदी तळाशी हाड असतं, आणि वयानुसार जबड्याचं, गालाचं, डोळ्यांच्या खोबणीचं हाडही थोडं थोडं झिजतं. म्हणजे तंबूचा खांबच आखूड होतो. त्यावर चरबीचे वेगवेगळे कप्पे असतात. काही आटतात, काही घसरतात. त्यांना हाडाशी बांधून ठेवणारे तंतू सैलावतात. सगळ्यात वर कातडी. तिला घट्ट ठेवणारं कोलॅजेन तिशीच्या आतबाहेरच कमी व्हायला लागतं आणि पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्यातलं जवळपास ३० टक्के जातं. तुमचं वय ५१. म्हणजे वजन उतरणं आणि हा काळ बहुधा हातात हात घालून आले. दाढा काढून तिथे काही बसवलं नसेल तर त्यानंही खालचा चेहरा आत बसतो. हे दंतवैद्याखेरीज कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितेय.

पत्रावरून मला वाटतं की तुमच्याकडे आटणं बरंच आहे. १४ किलो गेले त्यात गालांचा वाटा होताच. रिकाम्या उशीचा अभ्रा चार टाके घालून वर ओढला तर तो ताणलेला दिसेल, भरलेला नाही. धाग्याचं नेमकं तसंच आहे. तो ओढतो, भरत नाही. थ्रेड लिफ्टसाठी सहसा ज्यांना योग्य मानतात त्यांची कातडी अजून बऱ्यापैकी घट्ट असते, ओघळ हलका ते मध्यम असतो आणि गालात थोडं मांस शिल्लक असतं. फार हडकुळ्या चेहऱ्यात धागा कातडीखालून दिसू शकतो, फार जड चेहरा तो पेलत नाही. आणि खूप वजन उतरल्यावर जी जास्तीची कातडी उरते ती धाग्यानं नुसती गोळा होते, कानाजवळ चुण्या पडतात.

'शस्त्रक्रिया नाही' हे शब्द ऐकून तुम्हाला हायसं वाटलं, ते समजतं. पण 'शस्त्रक्रिया नाही' म्हणजे 'काही विशेष नाही' असं आपण मनातल्या मनात भाषांतर करतो. तेव्हा आत काय होतं ते एकदा सांगून टाकते. कानशिलाजवळ, केसांच्या कडेला जागा बधिर करण्याचं इंजेक्शन देतात. तिथे बारीक भोक पाडून लांब, पोकळ, बहुतेक वेळा बोथट टोकाची सुई, जिला कॅन्युला म्हणतात, ती कातडीखालच्या चरबीच्या थरातून जबड्याच्या दिशेनं सरकवत नेतात. दुखत नाही, पण सरकताना एक करकर जाणवते, आणि कानाजवळ असल्यानं ती ऐकूही येते. सुई बाहेर येते, धागा आत राहतो. धाग्याला कणसाच्या पात्यासारखी एका दिशेची बारीक कुसळं किंवा छोटे शंकू असतात. ते आतल्या ऊतीत रुततात. मग वरचं टोक ओढून गाल हवा तितका उचलतात आणि उरलेला धागा कापतात. एका बाजूला असे तीन-चार किंवा जास्त धागे.

हा झाला उचलणारा धागा, याला कॉग म्हणतात. दुसरा असतो गुळगुळीत, मोनो. तो बारीक सुयांनी पुष्कळ संख्येनं घालतात. त्यानं कातडीचा पोत थोडा सुधारतो असं म्हणतात, पण त्याला कुसळं नसल्यानं तो काहीही उचलत नाही. दोन्हींना जाहिरातीत 'थ्रेड'च म्हणतात. "तीस धागे घालू" हे ऐकून भारावून जाण्याआधी कोणते तीस, हे विचारायचं.

हा प्रकार नवा नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मॉस्कोत काम करणारे सर्जन मार्लेन सुलामानिद्झे यांनी कुसळांचे धागे चेहऱ्यासाठी वापरात आणले. ते पॉलिप्रॉपिलीनचे, न विरघळणारे होते. पुढे धागा हाताला लागतो, वर येतो, चेहरा एकीकडे ओढल्यासारखा दिसतो अशा तक्रारी वाढल्या आणि बरेच डॉक्टर त्यापासून लांब गेले. मग विरघळणारे धागे आले आणि प्रकार पुन्हा चालू लागला. आज सगळ्यात जास्त वापरतात तो पीडीओ, म्हणजे पॉलिडायॉक्सॅनोन. ऑपरेशनच्या टाक्यांसाठी हा धागा कित्येक वर्षं वापरात आहे, त्यामुळे शरीर त्याला सहसा नाकारत नाही. तो सहा ते आठ महिन्यांत विरघळतो. पीएलएलए आणि पीसीएल या दुसऱ्या विरघळणाऱ्या पदार्थांचे धागे त्याहून जास्त काळ, वर्षभर किंवा वर टिकतात.

आता 'दोन वर्षं बघायला नको' याचं. धागा विरघळण्याच्या कितीतरी आधी त्यातली ताकद जाते. टाक्यांसाठीच्या पीडीओची पकड महिना-दीड महिन्यातच निम्म्यावर येते. मग दोन वर्षांचा आकडा कुठून येतो? धाग्याभोवती शरीर नवं कोलॅजेन तयार करतं आणि धागा गेला तरी ते गाल धरून ठेवतं, असा युक्तिवाद आहे. कोलॅजेन तयार होतं हे खरं; ते चेहरा तोलून धरण्याइतकं असतं, याचा पुरावा तोकडा आहे. ज्या डॉक्टरांनी आपल्या रुग्णांचे फोटो वर्षभरानं पुन्हा तपासले, त्यांच्यापैकी अनेकांना सुरुवातीचा उठाव बराचसा मावळलेला दिसला. पहिल्या महिन्यात जो चेहरा भरलेला दिसतो त्यात सुजेचाही वाटा असतो. म्हणून 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो दाखवले की 'नंतर' म्हणजे किती दिवसांनी, ते विचारा. आठवड्यानंतरचा फोटो हा सुजेचा फोटो असतो.

माझ्या एका जुन्या सहकारी मैत्रिणीनं तीन वर्षांपूर्वी हे करून घेतलं. तेव्हा मी तिच्या शेजारच्या टेबलावर होते. पहिला आठवडा ती हसत नव्हती. हसू आलं की दोन्ही तळवे गालांवर ठेवायची, जणू गाल सांडतील. जांभई अर्ध्यावर अडवायची. उजव्या डोळ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाखाली, एक खळी पडली होती, बोटानं दाबल्यासारखी. ती जायला जवळजवळ चार आठवडे लागले. एका कुशीवर झोपता येत नाही म्हणून रोज सकाळी मान धरलेली. चेहरा छान दिसला, खरंच दिसला, दुसऱ्या महिन्यापासून पुढे सात-आठ महिने. वर्षानं पूर्वीसारखाच. मी तिला विचारलं, पस्तावलीस का? म्हणाली, "अजिबात नाही. पण मला कुणी सांगितलं असतं की हे आठ महिन्यांचं आहे, तर मी ते आठ महिने नीट निवडले असते." तुमचं पत्र वाचताना मला तीच आठवत होती.

तिला झालं ते किरकोळात मोडतं. खळी पडणं, चुणी, दोन बाजू सारख्या न दिसणं, आत टोचणं, धाग्याचं टोक केसांच्या कडेतून वर येणं हे बऱ्याच जणांना थोडंफार होतं आणि बहुतेकांचं निस्तरतं. जंतुसंसर्ग त्याहून गंभीर. धागा काढावा लागतो, आणि कुसळं असलेला धागा काढणं घालण्याइतकं सोपं नाही. क्वचित चेहऱ्याच्या हालचालीच्या मज्जातंतूला किंवा कानापुढच्या लाळेच्या ग्रंथीला इजा होते. क्वचित म्हणजे क्वचितच, पण म्हणूनच सुई कोणत्या थरात आहे हे ज्याला हाताला कळतं असा माणूस हवा. तो प्रशिक्षित त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन असावा. वैद्यकीय पदवीच नसलेल्या कुणाच्या हाती तर चेहरा देऊच नये. त्यांना एक प्रश्न जरूर विचारा: "काही बिघडलं तर तो धागा तुम्ही स्वतः काढता का?" उत्तर देताना ते किती सहज बोलतात ते बघा. असे किती चेहरे त्यांनी परत पाठवले, म्हणजे 'तुम्हाला हे नको' असं सांगून, हेही विचारा. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

बाकी पर्यायांबद्दल भराभर सांगते. आटलेल्या गालासाठी हायलुरॉनिक आम्लाचं फिलर, म्हणजे भरावाचं इंजेक्शन असतं. बेतानं, योग्य जागी घातलं तर थकलेपणा जातो, आणि बिनसलं तर ते विरघळवण्याचं इंजेक्शन उपलब्ध आहे. पण चुकून रक्तवाहिनीत गेलं तर गंभीर इजा होऊ शकते, त्यामुळे तिथेही हात जाणता हवा, आणि ओघळ भरून काढायचा म्हणून ओतत गेलं तर चेहरा फुगतो, वर जात नाही. ध्वनिलहरींचं हायफू आणि रेडिओफ्रिक्वेन्सी ही यंत्रं कातडी थोडी आवळतात, परिणाम दोन-तीन महिन्यांनी दिसतो. मात्र बसलेल्या गालांवर हायफू करताना असलेली चरबीही कमी होण्याचा धोका असतो, म्हणून तुमच्या बाबतीत मी ते दोनदा विचारून घेतलं असतं. शस्त्रक्रियेचा फेसलिफ्ट हाच एक उपाय असा आहे जो जास्तीची कातडी खरोखर काढतो आणि अनेक वर्षं टिकतो. त्याला भूल, कानाभोवती व्रण, दोन-तीन आठवड्यांची विश्रांती, आणि तुमच्या बाबतीत हृदयाच्या डॉक्टरांची संमती लागेल. तो कराच असं नाही म्हणत. पण दर वर्षी धागे घालत राहण्याचा हिशेब मांडाल तेव्हा तो शेजारी मांडून बघा, आणि हेही लक्षात ठेवा की वारंवार घातलेल्या धाग्यांनी आत जे व्रण होतात त्यानं पुढे शस्त्रक्रिया थोडी अवघड होते, असं काही सर्जन सांगतात.

आणि अगदीच साधं: रोज सकाळी किमान एसपीएफ ३० चं सनस्क्रीन, खिडकीशेजारी बसत असाल तर घरातही, कारण कोलॅजेन मोडणारे अतिनील किरण काचेतून येतात. रात्री डॉक्टरांच्या सल्ल्यानं ट्रेटिनॉइनचं मलम. यानं ओघळ वर जात नाही, कातडी सुधारते, आणि वेळ लागतो. चेहऱ्याचे व्यायाम आवडत असतील तर करा. जबड्याची रेघ परत येईल म्हणून मात्र करू नका.

काहीही ठरवण्याआधी वजन स्थिर होऊ द्या. निदान सहा महिने काटा एकाच जागी राहिला पाहिजे. अजून चार किलो उतरवायचे असतील आणि तुम्ही आज धागे घातलेत, तर ते उद्याच्या वेगळ्याच चेहऱ्यात असतील. माझ्या मते तुमच्या बाबतीत ही एकच गोष्ट बाकी सगळ्यावर मात करते. ती सवलत सहा महिन्यांनी नसेल? असेल हो. महिनाअखेर दर महिन्याला येते.

हलकेपणाचं राहिलं. केस रंगवताना, चष्म्याची फ्रेम निवडताना, पुढचा पडलेला दात बसवताना कुणी स्वतःला हा प्रश्न विचारत नाही. चेहरा आपल्या आधी खोलीत शिरतो, त्याची फिकीर असणं यात लाजण्यासारखं मला काही दिसत नाही. बहिणीचं 'मान्य कर' हे मला अर्धंच पटतं. वय मान्य करूनही माणूस गाल वर असावा असं म्हणू शकतो. मला खटकतं ते वेगळं. तुमच्या चार पानी पत्रात उतरलेल्या रक्तदाबावर, सुधारलेल्या गुडघ्यांवर एक ओळ आहे आणि बाकी सगळं जबड्याच्या कडेवर. वर्षभराची मेहनत तुम्ही स्वतःच एका ओळीत गुंडाळलीत. पुढच्या वेळी कुणी "बरी आहेस ना?" म्हणालं की "वजन उतरवलंय, चौदा किलो," एवढं म्हणून बघा आणि समोरच्याचा चेहरा पाहा.

पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी एक सूचना, तुम्हाला लागू नाही तरी. ओघळ महिन्या-वर्षांत येतो आणि बहुधा दोन्हीकडे येतो. चेहऱ्याची एकच बाजू अचानक, तासा-दिवसात लोंबली, तोंड वाकडं झालं, डोळा मिटेना, बोलणं अडखळलं किंवा हात उचलेना, तर तो सौंदर्याचा विषय नव्हे. त्या क्षणी थेट हॉस्पिटल गाठायचं.

आता तुमचा कार्यक्रम. तीन आठवड्यांत धागे नकोत, गोळीचा प्रश्न नसता तरी नको म्हटलं असतं. डाग, चुण्या, खळ्या निवळायला तितका वेळ सहज लागतो. त्या काळात तोंड मोठं उघडायचं नाही असं सांगतात, आणि तुम्हाला तर तासभर भाषण करायचंय. हसू अडवत भाषण कसं करणार? त्याऐवजी एक करा. ओघळ ठळक होतो तो वरून पडणाऱ्या उजेडानं. डोळ्यांखाली, गालाखाली, हनुवटीखाली सावल्या पडतात आणि चांगला चेहराही थकलेला दिसतो. तोच उजेड समोरून, चेहऱ्याच्या उंचीच्या थोडा वर ठेवला की त्या सावल्या बऱ्याच पुसट होतात. कॅमेराही डोळ्यांच्या रेषेत हवा, खालून नको. आयोजकांना आजच फोन करून विचारा, व्यासपीठावरचे दिवे कुठून आहेत ते.